परदेशातल्या जागेवर डिझाइन कार्यशाळा : निघण्याआधी एवढे वाचा

जागा एका देशात, मालक दुसऱ्या देशात आणि आराखडा करणारे आणखी कुठेतरी, असे प्रकल्प आता नवे नाहीत. अशा वेळी संबंधित सगळ्यांना जागेवरच काही दिवस एकत्र बसवून आराखडा ठरवायचा, हे आमचे काम.

कार्यशाळेच्या शेवटी आपल्याला जागेचा आराखडा, एक-दोन सेक्शन (इमारत उभी कापून आतून दाखवणारी रेखाटने), कामचलाऊ मॉडेल आणि ठरलेल्या गोष्टींची यादी मिळते. बांधकाम परवानगीचे नकाशे मिळत नाहीत. पुष्कळ देशांत त्यांवर तिथल्याच नोंदणीकृत वास्तुविशारदाची सही लागते. म्हणून तो पहिल्या दिवसापासून टेबलाशी हवा. शेवटी बोलावले, तर इमारत रस्त्यापासून अजून मागे घ्यावी लागेल हे तेव्हा कळते आणि सगळी मांडणी मोडते.

आपल्याकडून ज्यांचा शब्द अखेरचा, त्यांनी स्वतः यावे. त्यांना जमणार नसेल तर तारीख पुढे ढकला, आमची काही हरकत नाही. ‘विचारून कळवतो’ म्हणणारा प्रतिनिधी कितीही हुशार असला तरी काम पुढे सरकत नाही.

पहिला दिवस चालण्याचा. सकाळी आणि संध्याकाळी जागा फिरून पाहायची. पाणी कुठे साचते, वारा कुठून येतो, शेजारची इमारत सावली कुठे टाकते, हे टिपायचे. लांबच्या प्रवासाने झोपेचे गणित बिघडलेले असते, त्यामुळे त्या दिवशी कोणताही मोठा निर्णय घेत नाही. विषुववृत्त ओलांडून जाणार असाल तर दिशांच्या सवयीही तपासा : मकरवृत्ताच्या दक्षिणेला दुपारचा सूर्य वर्षभर उत्तरेकडे असतो. ‘ऊन दक्षिणेकडून’ हे इतके अंगवळणी पडलेले असते की अनुभवी माणसेही खिडक्या उलट्या बाजूला काढतात.

दुसऱ्या दिवसापासून बटर पेपर, म्हणजे खालचे रेखाटन दिसेल असा पातळ कागद. लॅपटॉप आम्ही आणतो, पण बाजूला ठेवतो. पडद्यावर एकजण रेघ ओढतो आणि बाकीचे मान डोलावतात. बटर पेपरवर मात्र आपणही पेन्सिल उचलता, आमची भिंत खोडता, वर दुसरा कागद टाकून तिसराच पर्याय काढता. दुभाषी असेल तर हे आणखी उपयोगी. प्रत्येक वाक्य दोनदा बोलले गेल्याने वेळ जवळजवळ दुप्पट जातो. रेघेला दुभाषी लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो छपाईत. ए१ कागदावरचा १:५० चा (प्रत्यक्षापेक्षा पन्नास पट लहान) नकाशा लांबी-रुंदीने निम्म्या असलेल्या ए३ वर छापला की तो १:१०० होतो. हे निदान सरळ गणित आहे. पण अमेरिकेत ए३ ऐवजी ११ × १७ इंचांचा कागद मिळतो. त्यावर प्रिंटरने नकाशा ‘बसवून’ दिला की तो सुमारे सहा टक्क्यांनी आकसतो, आणि दहा मीटरची भिंत स्केलपट्टीने मोजली तर साडेनऊच्याही आत भरते. बघून कोणालाच कळत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक कागदावर मोजपट्टी आणि उत्तर दिशा छापलेली असते. आपल्याकडचे नकाशेही तसेच आणा.

सामानाबद्दल थोडक्यात : कटर आणि ब्लेड चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. जाड मॉडेल बोर्ड तिथेच घेतो.

कोणी दुरून व्हिडिओवर सामील होणार असेल तर दिवसातून एकच ठरलेली वेळ ठेवतो. युरोप आणि अमेरिका घड्याळे वेगवेगळ्या रविवारी बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे त्यांच्यातला फरक एका तासाने बदलतो. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहिलेली असेल, तीच धरा.

निघण्याच्या तीन आठवडे आधी आम्हाला पाठवा : उंचसखलपणा दाखवणारा सर्व्हे, मालकीची हद्द, झाडांच्या नोंदी आणि आपल्याला लागणाऱ्या खोल्यांची यादी. व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल हे त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. बैठकीला येणे आणि मोबदला घेऊन काम करणे, यांत पुष्कळ देश फरक करतात. आमच्या माणसांची कागदपत्रे आम्ही बघतो, आपल्या चमूची आपल्याला बघावी लागतील.