डीएनएच्या जागी पाणी

आमच्याकडे रेडिओथेरपीला अजूनही ‘शेक’ म्हणतात. ‘अठ्ठावीस शेक झाले, दोन राहिलेत’ असा हिशेब घरोघरी चालतो. माझ्या आत्याचे शेक सुरू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी बाहेर येऊन ती मला म्हणाली, ‘‘अरे, काहीच गरम लागलं नाही. मशीन चालू होतं ना नक्की?’’

तिची शंका रास्त होती. शेक म्हटलं की ऊब हवी. पण या उपचारात ऊब जवळजवळ नसतेच. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरली की झाला एक ग्रे. रोज २ ग्रे याप्रमाणे तीस दिवसांत ६० ग्रे दिले आणि गाठ ५० ग्रॅमची असली, तर सहा आठवड्यांत त्या गाठीत मुरलेली सगळी ऊर्जा भरते ३ ज्यूल. चमचाभर चहा एका अंशाने निवताना सुमारे २० ज्यूल बाहेर टाकतो. म्हणजे गाठ भाजली जात नाही, शिजत नाही, कोमटसुद्धा होत नाही. तरी तिच्या पेशी मरतात.

याचं कारण ती ऊर्जा पडते कशी, यात आहे. चहाची उष्णता सगळ्या रेणूंत सारखी वाटली जाते. किरणांची ऊर्जा मात्र ठिणग्यांसारखी पडते. इथे एक, तिथे एक, आणि मधेच एखाद्या ठिकाणी पाच-सात अगदी खेटून. प्रत्येक ठिणगी म्हणजे कुठल्या तरी रेणूतून उडवलेला एक इलेक्ट्रॉन.

डीएनएची शिडी २ नॅनोमीटर रुंद असते आणि तिच्या दोन पायऱ्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर असतं. शिडीचा एकच दांडा तुटला तर पेशी फारसं मनावर घेत नाही. समोरचा दांडा शाबूत असतो, त्यावरून पाहून ती तुटलेली बाजू सांधते. आपल्या प्रत्येक पेशीत अशी डागडुजी रोज हजारो ठिकाणी चालूच असते. पंचाईत होते ती दोन्ही दांडे जवळजवळ, साधारण दहा पायऱ्यांच्या आत, तुटले तर. मग पाहून सांधायला काही उरतच नाही. एका ग्रे मात्रेला एका पेशीत साधारण हजार एकेरी तुटी होतात आणि दुहेरी होतात चाळीसच्या आसपास. पेशीचं मरण ठरतं ते मुख्यतः या चाळिसांवर.

या तुटी घडताना पाहता येतील असा सूक्ष्मदर्शक नाही. सगळा खेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात संपतो. प्रयोगशाळेत दिसतात ते नंतर उरलेले तुकडे. म्हणून तो प्रसंग संगणकात पुन्हा घडवावा लागतो, आणि त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रणाली म्हणजे ‘जिआंट-४ डीएनए’. मूळ ‘जिआंट-४’ जन्माला आलं जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या कामातून. कणांच्या टकरी टिपणाऱ्या अजस्र यंत्रांत कुठला कण कुठे जाईल, हे आधी ताडून पाहण्यासाठी ते लिहिलं गेलं आणि १९९८मध्ये खुलं झालं. पुढे अंतराळवीरांच्या पेशींचं काय होत असेल, या काळजीपोटी युरोपीय अवकाश संस्थेने पुढाकार घेतला आणि त्याला डीएनएच्या मापाचे डोळे बसवायचं काम सुरू झालं. ते सगळ्यांसाठी खुलं आणि फुकट आहे.

त्याच्या आत काय चालतं, ते मला फार आवडतं. आत फासे टाकले जातात!

समजा, क्ष-किरणाने पेशीतल्या पाण्यातून एक इलेक्ट्रॉन उडवला. तो पुढची धडक किती अंतरावर देईल? नेमकं कुणालाच सांगता येत नाही, निसर्गातच ते ठरलेलं नसतं. पण सरासरी माहीत असते. ती ३ नॅनोमीटर आहे असं धरू. संगणक शून्य आणि एक यांच्यामधला एक यादृच्छिक आकडा काढतो, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतो, उणे चिन्ह पुसतो आणि ३ने गुणतो. आकडा ०.७ आला तर इलेक्ट्रॉन १.०७ नॅनोमीटरवर धडकला. ०.०५ आला तर तो ८.९९ नॅनोमीटर मोकळा धावला. धडक झाली की दुसरा फासा: रेणूतून इलेक्ट्रॉन उडाला, रेणू नुसता उत्तेजित झाला, की आपला इलेक्ट्रॉनच फक्त वळला? तिसरा फासा: ऊर्जा किती गेली? चौथा: आता दिशा कोणती? उडालेल्या नव्या इलेक्ट्रॉनसाठी हेच सगळं पहिल्यापासून. दमून थांबेपर्यंत प्रत्येकाचा माग काढायचा, आणि असे लाखो प्रवास करवून घ्यायचे. ही युक्ती १९४६च्या सुमारास गणिती स्टॅनिस्लॉ उलाम यांना आजारपणात एकट्याने पत्ते लावताना सुचली. जॉन फॉन नॉयमान यांनी ती लॉस अलामोस या अमेरिकी अणुबॉम्ब-प्रयोगशाळेतल्या न्यूट्रॉनांच्या गणितासाठी संगणकावर चढवली. जुगाराच्या गावावरून तिचं नाव पडलं ‘माँटे कार्लो’.

एवढ्याने भागत नाही. पेशीत पाणीच जास्त, त्यामुळे बहुतेक ठिणग्या पाण्यातच पडतात. इलेक्ट्रॉन गमावलेला पाण्याचा रेणू सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आत शेजाऱ्याला प्रोटॉन देऊन टाकतो, आणि उरतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा भयंकर आततायी, समोर येईल त्याचा हायड्रोजन ओढून घेतो. पेशीच्या गर्दीत तो काही नॅनोमीटरच भटकू शकतो. पण डीएनएचे दांडे साखर आणि फॉस्फेट यांचे बनलेले असतात, आणि तेवढ्यात त्यातली साखर सापडली तर दांडा तुटतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या नुकसानीचा साधारण दोन-तृतीयांश भाग या आडवाटेने येतो. म्हणून प्रणालीला भौतिकशास्त्र संपल्यावर रसायनशास्त्राचेही फासे टाकावे लागतात.

आता खरी अडचण. या सगळ्या फाशांमागची संभाव्यता येते कुठून? मोजमापांतून. आणि मोजमापं मुबलक आहेत ती पाण्याची. त्यामुळे वर्षानुवर्षं संगणकातला डीएनए हा प्रत्यक्षात डीएनएच्या आकाराचं, थोडं दाट केलेलं पाणी होता. शिडी काढायची, तिच्या हद्दीत किती ऊर्जा पडली ते मोजायचं, आणि दांड्याच्या जागी १७.५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (हे अणू-रेणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) जास्त पडली तर ‘तुटला’ म्हणायचं. हा १७.५ पुष्कळ संगणकप्रणालींत आहे. पण तो दांडा तोडून थेट मोजलेला आकडा नाही. किरणोत्सारी आयोडीन-१२५ डीएनएत बसवून केलेल्या जुन्या प्रयोगातल्या तुटींशी गणित जुळेपर्यंत सरकवत तो ठरवला गेला.

डीएनएचं वागणं पाण्यासारखं नसतं. ग्वानिन म्हणजे शिडीच्या पायऱ्या घडवणाऱ्या चार ‘अक्षरां’पैकी एक, त्यातून इलेक्ट्रॉन काढायला पाण्यापेक्षा बरीच कमी ऊर्जा पुरते. शिवाय २००० साली कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठात लिऑन सांश यांच्या गटाने दाखवून दिलं, की ३ ते २० इलेक्ट्रॉनव्होल्टचे मंद इलेक्ट्रॉनही डीएनए तोडतात. इलेक्ट्रॉन क्षणभर रेणूला चिकटतो आणि रेणू फुटतो. ठरावीक ऊर्जेला ही शक्यता एकदम उसळते. १७.५चा एकच उंबरठा ठेवला की ही उसळी हिशेबातून निसटते.

मग डीएनएच का मोजू नये? तो वाफ करून इलेक्ट्रॉनांच्या झोतासमोर धरता येत नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथल्या राष्ट्रीय मापनसंस्थेने त्याचे सुटे भाग घेतले. साखरेच्या जागी टेट्राहायड्रोफ्युरान, फॉस्फेटच्या जागी ट्रायमिथाइल फॉस्फेट, अक्षरांच्या जागी पिरिमिडीन आणि प्युरीन. यातलं टेट्राहायड्रोफ्युरान आपल्या ओळखीचं आहे. प्लंबर पीव्हीसीचे पाइप जोडताना ब्रशने जे तिखट वासाचं सोल्युशन लावतो, त्यात बऱ्याचदा ते असतं. त्याच्या रेणूचं पाचकोनी कडं डीएनएतल्या साखरेच्या कड्यासारखंच. या वाफांवर मोजलेल्या संभाव्यता आता जिआंट-४ डीएनएमध्ये आल्या आहेत, पण त्या मुख्यतः इलेक्ट्रॉनांसाठी आणि मोजक्याच ऊर्जापट्ट्यात. शिवाय सुट्या रेणूची वाफ आणि पाण्याने वेढलेली सलग शिडी यांत फरक राहतोच. मला या कामाचं अप्रूप वाटतं ते यासाठी, की गणित जुळत असतानाही ‘हे पाणी आहे, डीएनए नाही’ हे कुणीतरी खटकवून घेतलं आणि बाटल्या घेऊन मोजायला बसलं.

इथे मोबाइलचं बोलायलाच हवं, कारण ‘रेडिएशन’ म्हटलं की लोक टॉवरकडे बोट दाखवतात. पाण्यातून इलेक्ट्रॉन उडवायला सुमारे १० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. मोबाइल लहरींचा एक कण त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकीही ऊर्जा आणत नाही. वरच्या गोष्टीतली पहिली ठिणगीच पडत नाही. तरी रेडिएशन शोषणारी स्टिकरं आणि लॉकेटं विकली जातात. २०२१मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशी काही उत्पादनं तपासली, तर ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. त्यांत लहान मुलांचं कडंही होतं. ज्या ठिणगीपासून बचाव म्हणून आईवडिलांनी पैसे मोजले, ती त्या कड्यातूनच येत होती. अशी वस्तू घरात असेल तर कृपा करून वापरणं थांबवा.

आता पुन्हा शेकांकडे. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रात टाटा मेमोरियलचं प्रोटॉन उपचार केंद्र २०२३मध्ये सुरू झालं; तिथे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉनांचा झोत वापरतात. प्रोटॉन वाटेत थोडी ऊर्जा सांडतो आणि थांबण्याच्या बेताला आला की उरलेली एकदम ओततो. उपचारांत जगभर असं धरतात, की प्रोटॉन क्ष-किरणांच्या १.१ पट परिणामकारक आहे, सगळीकडे सारखाच. पण शेवटच्या काही मिलिमीटरांत त्याच्या ठिणग्या दाटीने पडतात. तिथे दहा पायऱ्यांच्या आत दोन्ही दांडे तुटण्याची शक्यता वाढते आणि १.१ कमी पडतो. गाठीच्या लगेच पलीकडे मेंदूचा देठ असेल, तर ते मिलिमीटर फार मोलाचे. तिथे गुणक किती धरावा याचा शोध घेताना हेच फासे पुन्हा पुन्हा टाकले जातात, आणि ते कशाच्या मोजमापावर टाकलेत, पाण्याच्या की डीएनएच्या, याने उत्तर बदलू शकतं.