क्लिअर कव्हर आणि इफेक्टिव्ह कव्हर: माझ्या रिंगा छोट्या कशा झाल्या

डिप्लोमाच्या ट्रेनिंगला मी रत्नागिरीतल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे होते. पहिले दोन आठवडे काम काय, तर जुन्या ड्रॉइंगमधले लेयर नीट कर, अक्षरांची साइज बदल, प्रिंट काढ, घड्या घाल, चहा आला की सांग. तिसऱ्या आठवड्यात सरांनी एकदम बीमचं डिटेलिंग हातात दिलं. भाट्याच्या पुलापलीकडे एक बंगला चालू होता, त्याचा समुद्राकडच्या अंगाचा बीम, २३० बाय ४५० एमएम, खाली १६ एमएमच्या तीन सळ्या, त्यांच्याभोवतीच्या रिंगा, म्हणजे सळ्यांना वेढणाऱ्या लोखंडी चौकटी, ८ एमएमच्या. एवढी माहिती आणि सोबत सरांची एक्सेल शीट. शीटमध्ये एका खान्यात डी-डॅश ६१ असं लिहिलेलं, मला वाटलं हेच कव्हर, म्हणजे लोखंडाच्या बाहेर राहणारा काँक्रीटचा थर. ऑटोकॅडमध्ये बीमची बाहेरची चौकट काढली, ऑफसेट दिला ६१, आतली चौकट म्हणजे रिंग. इतकं सोपं असतं तर लोक चार-चार वर्षं का शिकतात असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू.

बार बेंडिंग शेड्यूलमध्ये, म्हणजे साइटवर लोखंड कुठल्या मापाने वाकवायचं त्या यादीत, रिंग गेली १०८ बाय ३२८. साइटवर बेचाळीस रिंगा वाकवून झाल्या आणि मुकादम काकांचा ऑफिसात फोन. सर मला घेऊनच साइटवर गेले. काकांनी एक रिंग उचलली, पाच सुताच्या तीन सळ्या तिच्यात खाली ओळीने ठेवल्या, सळ्यांमधल्या फटीत खडीचा एक तुकडा धरला आणि म्हणाले, "अगं पोरी, ही खडी इथनं खाली जायची कशी? वाळू जाईल फक्त."

त्यांनी आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचा भारतीय कोड, वाचला असेल असं नाही, पण हिशोब अगदी तोच आहे. रिंग बाहेरून १०८, दोन्ही बाजूंचे रिंगेचे ८-८ गेले की आत उरले ९२, त्यात तीन सळ्यांचे ४८, म्हणजे ४४ शिल्लक आणि ते दोन फटींत वाटायचे, एकेक फट २२ एमएम. आयएस ४५६ सांगतं की आडव्या रांगेत दोन सळ्यांमधली फट सळईच्या जाडीपेक्षा कमी नको आणि सगळ्यात मोठ्या खडीपेक्षा ५ एमएम तरी जास्त हवी. खडी २० एमएमची, म्हणजे २५ हवेत, माझे २२. खरी रिंग व्हायला पाहिजे होती १४० बाय ३६०, तिच्यात फट येते ३८, खडी आरामात जाते.

तर मी ज्याला कव्हर समजले ते इफेक्टिव्ह कव्हर होतं, आणि ऑफसेटला लागणार होतं ते क्लिअर कव्हर, ४५.

फरक एका वाक्यात सांगायचा तर क्लिअर कव्हर मोजायचं काँक्रीटच्या बाहेरच्या कडेपासून पहिलं लोखंड लागेपर्यंत, आणि इफेक्टिव्ह कव्हर मोजायचं त्याच कडेपासून ताण घेणाऱ्या मेन सळईच्या मध्यापर्यंत. बीममध्ये बाहेरून येताना पहिलं लोखंड म्हणजे रिंग. मग रिंगेची जाडी ८, मेन सळईची अर्धी जाडी ८, असे १६ वाढवले की ४५ चे ६१ होतात. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत पहिल्याला नॉमिनल कव्हर म्हटलंय आणि स्पष्ट लिहिलंय की ते रिंगांसकट सगळ्या लोखंडावर धरायचं. साइटवर मात्र नॉमिनल शब्द कोणाच्या तोंडी नाही, तिथे क्लिअर कव्हर किंवा नुसतं कव्हर.

ही १६ एमएमची गंमत १:२० च्या ड्रॉइंगवर ०.८ एमएम होते, पेन्सिलीच्या रेघेएवढी. म्हणूनच नजरेला चूक दिसत नाही. स्लॅबमध्ये तर रिंगच नसते, १० एमएमची सळई असली तर ३० चं क्लिअर कव्हर आणि ३५ चं इफेक्टिव्ह, फरक फक्त ५. आधी आठवडाभर मी स्लॅबच काढत होते, तिथेही हाच घोळ घातला असणार पण ५ एमएम कोणाच्या लक्षात येणार, बीमला आल्यावर उघडी पडले.

दोघांची कामं वेगळी आहेत हे सरांनी गाडीत परत येताना सांगितलं, आणि खरं सांगायचं तर कॉलेजच्या दोन लेक्चरपेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळलं. इफेक्टिव्ह कव्हर हे हिशोबासाठी. बीमची पूर्ण उंची ४५० त्यातून ६१ वजा, उरली ३८९, ती इफेक्टिव्ह डेप्थ, बीम किती वजन पेलेल ते तिच्यावर ठरतं. माझी रिंग तशीच वापरली असती तर सळईचा मध्य ६१ ऐवजी ७७ वर गेला असता आणि डेप्थ ३७३ राहिली असती, चारेक टक्के कमी. बीम पडला नसता, पण डिझाइन एक आणि बांधलंय दुसरं.

क्लिअर कव्हर मात्र वजनाशी नाही, गंजाशी भांडायला. चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर, पीएच १२-१३ च्या घरात, त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. आपल्याकडे खारं वारं, मिठातले क्लोराइड हळूहळू आत झिरपतात, सळईपर्यंत पोचले की तो थर फोडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो, मग आतून दाब येऊन काँक्रीटला सळईच्या लांबीने चीर पडते आणि शेवटी पोपडा सुटतो. हे झिरपणं साधारण वेळेच्या वर्गमुळाने पुढे सरकतं, म्हणजे कव्हर निम्मं केलं तर सळईपर्यंत पोचायला वेळ निम्मा नाही, ढोबळमानाने पाव लागतो. हे ऐकल्यावर मी गप्पच झाले.

आता उलटी चूक बघा, आणि माझ्या मते आपल्याकडे ती जास्त वाईट. समजा ड्रॉइंगवर नुसतं 'कव्हर ४५' लिहिलं आणि एखाद्याने ते सळईच्या मध्यापर्यंत धरलं. रिंगेवर उरले फक्त २९. माझ्या चुकीत निदान काकांच्या हातात रिंग तरी आली, दिसलं. ह्या चुकीत काहीच दिसत नाही, रिंग बसते, खडी जाते, स्लॅब ओतून होतो, पार्टी होते, आणि आठ-दहा वर्षांनी बीमच्या खालच्या कोपऱ्याला तपकिरी रेघ येते.

४५ च का? कोडमध्ये वातावरणानुसार पाच पायऱ्या आहेत, माइल्ड २०, मॉडरेट ३०, सिव्हिअर ४५, व्हेरी सिव्हिअर ५०, एक्स्ट्रीम ७५. किनाऱ्यावर राहून माइल्ड वापरायचा प्रश्नच येत नाही. किनारपट्टीत पण खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेलं काँक्रीट मॉडरेट, हवेला उघडं असेल तर सिव्हिअर, लाटांचे तुषार उडत असतील तर व्हेरी सिव्हिअर, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येणारे जेटीचे खांब वगैरे एक्स्ट्रीम. त्यामुळे त्याच बंगल्यात हॉलच्या आतल्या बीमला ३० आणि समुद्राकडच्या बीमला ४५ अशी दोन कव्हर होती, ते बघून मला आधी वाटलेलं सरांचीच टायपिंग मिस्टेक आहे. काँक्रीटची ग्रेडही, म्हणजे मजबुतीचा दर्जा, सोबत वाढते बरं का, मॉडरेटला कमीत कमी एम २५, सिव्हिअरला एम ३०. नुसतं कव्हर वाढवून पाणीदार माल ओतला तर काही उपयोग नाही.

घोळाला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे जुनी सवय. आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ ड्राफ्ट्समन होते, त्यांना पाठ, "स्लॅबला पंधरा, बीमला पंचवीस, कॉलमला चाळीस." ते १९७८ च्या कोडातले आकडे, आणि बीम-कॉलमचे तेव्हा मेन सळईपर्यंत मोजायचे, रिंगेपर्यंत नाही. म्हणजे त्यांचं कव्हर हे माझ्या दोन्ही कव्हरांच्या मधलं तिसरंच! कॉलमसाठी २००० च्या कोडातही मेन सळईला ४० पेक्षा कमी नको हा नियम राहिलाय, ८ ची रिंग असेल तर तिच्यावर ३२ च उरतात, पण उघड्यावरच्या कॉलमला रिंगेवर ४५ पाहिजेतच, तिथे ४० चा नियम धरून बसलं की फसलात. फुटिंगला, म्हणजे पायाला, ५०, तिथे सहसा कोणी वाद घालत नाही.

सॉफ्टवेअरही मदत करत नाही. ईटॅब्स ह्या बिल्डिंग डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बीमचं सेक्शन भरताना ते सळ्यांच्या गटाच्या मध्यापर्यंतचं कव्हर विचारतं, आणि कॉलमच्या खिडकीत रिंगेवरचं क्लिअर कव्हर. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन खिडक्यांत दोन अर्थ, पोरं दोन्हीकडे ४० टाकून मोकळी होतात.

एक टेस्ट मला फार आवडते. खालच्या सळ्या एका रांगेत न मावता दोन रांगांत गेल्या तर काय बदलतं? क्लिअर कव्हर तेच, ४५, कारण रिंग हललीच नाही. पण दोन्ही रांगांत सारख्याच १६ च्या सळ्या आणि मध्ये २५ ची फट धरली तर गटाचा मध्य साडेवीस वर सरकतो आणि इफेक्टिव्ह कव्हर ६१ चं ८१.५ होतं. कुठलं कव्हर सळ्यांच्या मांडणीने बदलतं आणि कुठलं नाही, हे समजलं की गोंधळ बराच सुटतो.

आणि 'कव्हर जास्त म्हणजे जास्त सेफ' हे तर बिलकुल नाही. बाल्कनीत मेन सळई वरच्या अंगाला असते. १५० ची बाल्कनी, वरून क्लिअर ४५, १० ची सळई, इफेक्टिव्ह ५०, डेप्थ १०० मिळाली. आता काँक्रीट ओतताना माणसं त्या जाळीवरून घमेली घेऊन नाचली आणि खाली चेअर, म्हणजे सळई वर धरून ठेवणारे लोखंडी टेकू, नीट नसल्याने सळई २० ने दबली. क्लिअर कव्हर झालं ६५, गंजाला मजबूत, पण डेप्थ राहिली ८०, एक पंचमांश गेली. हे खाली सेंट्रिंग काढल्यावर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

कव्हर ब्लॉकची, म्हणजे कव्हर राखायला लोखंडाखाली ठेवतात त्या ठोकळ्यांची, पण एक गोष्ट. ४५ चा ब्लॉक रिंगेखाली बसतो, मेन सळईखाली नाही, हे सळ्या बांधणाऱ्या फिटरला माहीत असतं, ड्रॉइंगवाल्यालाच नसतं. भाट्याच्या साइटवर ब्लॉक संपले म्हणून एका बीमखाली चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, कपच्या लावलेल्या दिसल्या. उंची बरोबर ४५, टेप लावला तर पास. पण जांभा पाणी पितो, म्हणजे सळईपर्यंत खाऱ्या पाण्याला आपणच वाट करून दिली. काकांनी मी बोट दाखवायच्या आधीच त्या काढायला लावल्या, कदाचित माझ्यासमोर म्हणून असेल.

माझ्या बेचाळीस रिंगा वजनाला १७ किलोच्या आसपास, पैशाने फार नव्हत्या, तरी सरांनी नवीन शेड्यूल माझ्याकडूनच हाताने करून घेतलं. तेव्हापासून मी ड्रॉइंगवर नुसतं 'कव्हर' लिहीत नाही, 'रिंगेच्या बाहेरून क्लिअर कव्हर ४५' असं पूर्ण लिहिते, मराठीत, कारण वाचणार फिटर आहे.

गणपतीत घरी गेले तेव्हा आमच्या मागच्या पडवीवरचा छज्जा बघितला. खालून पोपडा सुटलाय, सळई दिसतेय. टेप लावला, प्लास्टर सोडून काँक्रीट भरलं १२ एमएम. बाबा म्हणाले पुढच्या मेमध्ये वरून प्लास्टर मारून घेऊ. मी म्हटलं प्लास्टर कव्हरमध्ये धरत नाहीत. बाबा म्हणाले, "मग तुझ्या सरांना विचार काय करायचं ते." विचारलंय, रविवारी येतायत बघायला.