पंचावन्न वर्षांची अट: निवृत्तांच्या वसाहतींची पार्श्वभूमी

निवृत्तांच्या वसाहतीत घर घ्यावे की नाही, हे ठरवताना बहुतेक जण दवाखाना किती जवळ आहे, जेवणाची सोय कशी आहे आणि देखभालीसाठी दरमहा किती पैसे मोजावे लागतील, एवढे पाहतात. रहिवासी किमान अमुक वयाचे असावेत, या ज्या अटीतून या वसाहतींचे बहुतेक फायदे आणि तोटे निर्माण होतात, ती अट मात्र फारशी बारकाईने वाचली जात नाही. या अटीचा आजचा साचा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात तयार झाला आणि तिचे परिणामही तेथेच सर्वांत स्पष्टपणे दिसून आले.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेत वृद्धांना ठरावीक मासिक उत्पन्नाचा आधार मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात अनेक कंपन्यांच्या पेन्शनची भर पडली, एअर कंडिशनरमुळे वाळवंटातला उन्हाळा सुसह्य झाला आणि नोकरी संपल्यावरही बरीच वर्षे स्वतःच्या पैशावर राहू शकेल असा मोठा वर्ग उभा राहिला. पण ज्यांना स्वतंत्र घर झेपत नसे, त्यांच्यापुढे मुलांच्या घरातील एखादी खोली किंवा वृद्धाश्रम याखेरीज फारसा पर्याय नव्हता. बेन श्लायफर यांनी १९५४ मध्ये फीनिक्सजवळ यंगटाउन वसवले ते याच वर्गासाठी. तेथे घरे लहान आणि परवडणारी होती, आणि मुलांना कायमचे राहण्यास मनाई होती.

शेजारीच, कापसाच्या शेतजमिनीवर, डेल वेब यांच्या बांधकाम कंपनीने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी खुली केली. वृद्ध माणसे नातवंडांना सोडून एवढ्या दूर येणार नाहीत, असे अनेक जाणकारांचे मत होते. वेब यांनी घरे विकण्याआधीच गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र आणि दुकाने उभी केली, आणि सुरुवातीच्या अवघ्या काही दिवसांत सुमारे एक लाख लोक ही वसाहत पाहून गेले. सुमारे साडेआठ हजार डॉलरपासून घर मिळत होते, पण माझ्या मते लोकांनी घरापेक्षाही सोबत विकत घेतली. जोडीदार गेल्यानंतर एकट्या पडलेल्या माणसाला दुपारी पत्ते खेळायला, सुतारकामाच्या खोलीत किंवा पोहण्याच्या तलावावर समवयस्क माणसे हमखास भेटणे, ही क्षुल्लक गोष्ट नाही. अशा वसाहतींना ‘म्हाताऱ्यांचे कोंडवाडे’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हा फायदा कधी नीट विचारातच घेतला नाही.

तोटा प्रथम शेजाऱ्यांना जाणवला. सन सिटी पिओरिया शाळा जिल्ह्यात, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात, मोडत असे. शाळा बांधण्यासाठी कर्जरोखे काढायचे तर मतदान घ्यावे लागे आणि त्या कर्जाची फेड मालमत्ता करातून होई. १९६० च्या दशकापासून सन सिटीच्या मतदारांनी असे प्रस्ताव एकामागून एक पाडले आणि अखेर १९७० च्या दशकाच्या मध्यावर सन सिटी त्या शाळा जिल्ह्यातून वेगळी काढण्यात आली. मर्यादित पेन्शनवर जगणाऱ्याला कर टाळावासा वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या वस्तीत शाळेत जाणारे एकही मूल राहत नाही, तेथे शाळेची गरज डोळ्यांसमोरूनच नाहीशी होते, आणि ही अटीचीच परिणती होती.

पुढे १९८८ मध्ये गृहनिर्माणातील भेदभावविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन, मुले आहेत म्हणून कुटुंबाला घर नाकारणे बेकायदेशीर ठरले. निवृत्तांच्या वसाहतींना मात्र सूट मिळाली: एकतर सर्व रहिवासी बासष्ट वर्षांवरील असावेत, किंवा किमान ऐंशी टक्के घरांत निदान एक व्यक्ती पंचावन्न वर्षांची असावी. दुसऱ्या प्रकारच्या वसाहतींनी वृद्धांसाठी खास सोयीसुविधा पुरवाव्यात, ही मूळ अट १९९५ च्या कायद्याने काढून टाकली. म्हणजे पंचावन्नच्या पाटीमागे परिचारिका, रुग्णवाहिका किंवा जिने नसलेले घर असेलच, अशी हमी तेव्हापासून कायदा देत नाही. घर घेणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसते.

अट किती कठोर होऊ शकते, हे यंगटाउननेच दाखवले. १९९० च्या दशकात तेथील एका वृद्ध दांपत्याने घरी छळ सोसलेल्या आपल्या किशोरवयीन नातवाला आसरा दिला, आणि नियमभंग म्हणून गावाने त्यांच्यावर कारवाई सुरू केली. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेले आणि १९९८ मध्ये यंगटाउनमधील वयाची अटच संपुष्टात आली. त्यानंतर मुलेबाळे असलेली कुटुंबे तेथे राहायला आली. शेजारची सन सिटी आजही अट पाळते.

भारतीयांपर्यंत ही कल्पना दोन वाटांनी आली. फ्लोरिडातील टव्हारेस येथे ‘शांतिनिकेतन’ ही पंचावन्न वर्षांवरील भारतीयांसाठीची वसाहत उभी राहिली, तर पुण्यात ‘अथश्री’सारखी ज्येष्ठांची संकुले वसली, ज्यांत मुले परदेशी असलेल्या अनेक आईवडिलांना आधार मिळाला. महाराष्ट्रातील गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले: दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, न्हाणीघरात आधाराचे दांडे. हे निकष मोलाचे आहेत, पण ते बांधकामापुरते आहेत. तरुण वारसाला घरात राहता येईल की केवळ ते विकता येईल, परदेशातून आलेली नातवंडे किती दिवस राहू शकतील, अंथरुणाला खिळल्यावर रहिवाशाला हलवण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक संकुलाच्या करारात आणि नियमावलीत शोधावी लागतात, आणि सही करण्यापूर्वी ती लेखी मागून घेतलेली बरी.