‘आत्म्याने’ गाणे आणि ‘आत्म्यात’ गाणे : पार्श्वभूमी

अझुसा स्ट्रीट म्हणजे लॉस एंजेलिसमधला तो रस्ता, जिथल्या सभांमधून ख्रिस्ती पेंटेकॉस्टल चळवळ पसरली. त्याचा विषय निघाला की गाडी लगेच अन्यभाषांवर, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्यावर, जाते. गाणे मागेच राहते. 1906च्या एप्रिलमध्ये तिथल्या ज्या इमारतीत या सभा भरू लागल्या, ती आधी कृष्णवर्णीयांचे चर्च होती, पुढे खाली तबेला झाली. जमिनीवर भुसा, बसायला खिळ्यांच्या पिंपांवर टाकलेल्या फळ्या. सुरुवातीला ना वाद्य, ना गायकवृंद, ना गीतांचे पुस्तक. जुनी गीते सगळ्यांना तोंडपाठ होती, तीच चालत. हातात पुस्तकच नसल्यामुळे अक्षरओळख नसलेली धोबीण आणि शिकलेला पाद्री, दोघांना एकाच वेळी तोंड उघडता येई. माझ्या मते त्या सभांमधली खरी समता ही होती.

घोळ आहे तो ‘आत्म्याने गाणे’ या शब्दांचा. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौल आत्म्याने गाण्याबरोबर बुद्धीनेही गाण्याचे म्हणतो. अझुसात मात्र हे शब्द एका वेगळ्याच प्रकाराला चिकटले. एकाने शब्दांविना किंवा अन्यभाषेत सूर लावायचा, बाकीच्यांनी त्यात आपापला सूर मिसळायचा. चाल ठरलेली नसे, तरी ऐकणाऱ्यांना ते जुळलेले वाटे. याला ‘स्वर्गीय समूहगान’ म्हणत. पाठ असलेले गीत भरून येऊन म्हटले तरी तेही आत्म्यानेच, असा दुसरा अर्थ सोबत चालूच होता. आपल्याकडे इंग्रजीच्या वळणाने ‘आत्म्यात गाणे’ आले आणि ‘बुद्धीनेही’ हा अर्धा भाग गळाला. एका विभक्तीने केवढा फरक पडतो!

वाद्ये नकोत हा नियम होता की नुसती गैरसोय? तिथे हजर असलेल्या एका प्रचारकाने 1925 साली छापलेल्या आठवणींत ‘आम्हांला गरजच वाटत नव्हती’ असा सूर आहे. पण त्याच चळवळीत सांगितली जाणारी आणखी एक हकिकत आहे: अझुसाच्या आधी बॉनी ब्रे स्ट्रीटवरच्या घरात, 9 एप्रिलला, कधीही न शिकलेली एक बाई पियानोवर बसली आणि गाऊ लागली. म्हणजे पहिल्याच रात्री वाद्य हजर! मनाईची कथा मला तरी मागाहून रचलेली वाटते.

असा सामूहिक आवाज आपल्याकडेही उठला होता. पुण्याजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, अझुसाच्या वर्षभर आधी, 1905 साली, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या होत्या. त्या गलक्यावर टीका झाली तेव्हा रमाबाईंनी उलट विचारले, इंग्रज-अमेरिकन रीतीत न बसणारे सगळे सैतानाकडूनच आले असे का मानायचे?

पुढे वाद्ये आलीच. कृष्णवर्णीय मंडळ्यांत खंजिरी आणि ढोल रुळले, 1926 साली टेक्सासच्या एका अंध पियानोवादिकेच्या तबकड्या निघाल्या, आणि 1960नंतर हे गाणे कॅथलिकांपर्यंत पोहोचले. आज ‘फ्री वर्शिप’च्या, म्हणजे ठरलेल्या गीताविना चालणाऱ्या उत्स्फूर्त उपासनेच्या वेळी कीबोर्डवाला एकच कॉर्ड धरून ठेवतो आणि लोक त्याच सुरात गातात.