घड्याळावरचे ओरखडे आणि ब्रश फिनिश : काम देण्याआधी वाचा

आमच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर घड्याळ ठेवताना बहुतेक ग्राहक एकच वाक्य बोलतात, ‘ओरखडे काढा आणि चकचकीत करून द्या.’ पण यातली बरीच घड्याळं नवी होती तेव्हाही चकचकीत नव्हती. त्यांची बॉडी आणि चेन नीट पाहा. एकाच दिशेने जाणाऱ्या अगदी बारीक, समांतर रेषा दिसतील. हे ब्रश फिनिश, आणि ते कारखान्यात मुद्दाम दिलेलं असतं. अशा घड्याळावर बफ (पॉलिशचं फिरतं चाक) फिरवला तर ते आरशासारखं चमकेल, पण त्या रेषा गेलेल्या असतील. म्हणून आम्ही आधी विचारतो आणि मग हात लावतो.

ओरखडा भरून निघत नाही

स्टीलवरचा ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं धातू घासून कमी करायचं. किरकोळ ओरखड्यांसाठी हे घासणं नगण्य असतं. खोल खड्डा मात्र पूर्ण घालवायचा तर बॉडीचा आकारच बदलतो. पट्टा जिथे अडकतो ते चार कान पातळ होतात आणि धारदार कडा गोल होतात. अति पॉलिश झालेलं घड्याळ जाणकार माणूस या गोलाईवरूनच ओळखतो. त्यामुळे खोल खड्डा आम्ही थोडा सौम्य करतो आणि उरलेला तसाच सोडतो. तो पूर्ण काढून हवा असेल तर लेझरने तिथे धातू भरावं लागतं. ते काम वेगळं आणि महागही.

काम कसं होतं

चेन बॉडीपासून सोडवून अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुतो. कड्यांत अडकलेली माती आणि घामाचा मळ आधी निघाला नाही, तर घासताना तोच नवे चरे पाडतो. मग चकचकीत भागांवर टेप लावतो. पुष्कळ घड्याळांत वरची बाजू ब्रश केलेली आणि कडेची तिरकी पट्टी आरशासारखी असते. या दोन्हींमधली रेघ स्पष्ट राहिली तरच घड्याळ नवं दिसतं आणि खरं कौशल्य तिथेच लागतं.

त्यानंतर सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून ओरखडे उतरवतो, जाड पेपरकडून बारीक पेपरकडे जात. शेवटी नायलॉनच्या पॅडने रेषा ओढतो. हात पुढे-मागे करायचा नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने, एकाच दाबाने न्यायचा. मध्ये थांबलात तर तिथे डाग दिसतो. गोल बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) रेषा गोलाकार असतील तर हाताने जमत नाही, बेझल सुटं करून फिरवत काम करावं लागतं.

फक्त चेनचं काम असेल तर घड्याळ उघडावं लागत नाही. बॉडीचं नीट काम करायचं तर घड्याळाचं आतलं मशीन बाहेर काढतो. बंद करताना पाणी अडवणारं रबरी गॅस्केट बदलून पाण्याची चाचणी घ्यावी, असा आमचा आग्रह असतो, पावसाळ्याच्या तोंडावर तर नक्कीच.

कोणत्या घड्याळांना आम्ही नाही म्हणतो

मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढंच कोरलेलं असेल तर सावध व्हा. याचा अर्थ बहुधा फक्त झाकण स्टीलचं आहे. बॉडी पितळेची किंवा दुसऱ्या धातूची असून वर क्रोमचा मुलामा असतो. घरातल्या जुन्या घड्याळांत हे पुष्कळदा सापडतं. घासलं की मुलामा जाऊन खालचं पिवळं पितळ दिसू लागतं. सोनेरी मुलाम्याचंही तेच. पीव्हीडी किंवा डीएलसी नावाच्या पातळ काळ्या थरावरचा ओरखडाही घासून जात नाही. सिटिझनचं ड्युराटेक्ट आणि सेकोचं (Seiko) डायशील्ड यांसारखे कडक पृष्ठभागही आम्ही घासत नाही.

वारशाने आलेलं किंवा संग्राहकाच्या आवडीचं घड्याळ असेल तर आमचा सल्ला आहे, पॉलिश करू नका. अनेक संग्राहकांना मूळ कडा शाबूत असलेलं, ओरखडलेलं घड्याळच जास्त मोलाचं वाटतं. वॉरंटीतलं घड्याळ असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

घरी करून पाहायचं असेल तर

बकलवरचे हलके केसासारखे ओरखडे घरी मवाळ करता येतात, पण स्वयंपाकघरातल्या हिरव्या घासणीने नव्हे. ती फार खरखरीत असते. दुकानात मिळणारं बारीक करड्या रंगाचं पॅड घ्या आणि आधी बकलच्या आतल्या बाजूला करून पाहा. टूथपेस्ट स्टीलला लावू नका. अॅक्रिलिक (प्लास्टिकच्या) काचेवर मात्र तिचा उपयोग होतो, कारण ती काच मऊ असते. मिनरल काचेवरचा चरा घरी जात नाही. सफायर काच सहसा ओरखडतच नाही, पण जोराचा मार बसला तर तिचे टवके उडतात आणि मग ती बदलावीच लागते.

ओरखडे येतात कुठून, हे विचारणाऱ्यांसाठी : धूळ आणि वाळूत क्वार्ट्झ (गारगोटी) असतं, ग्रॅनाइटच्या ओट्यातही, आणि ते स्टीलपेक्षा कठीण असतं. (घड्याळ चालवणारं क्वार्ट्झ आणि त्याला ओरबाडणारं क्वार्ट्झ एकच!) ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या धुळीतून आलात तर चेन आधी ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या फडक्याने घासू नका. गर्दीच्या लोकलमध्ये दांड्याला धरणाऱ्या हातात घड्याळ असेल तर ते दुसऱ्या हातात घाला. बांगड्या किंवा कडं आणि घड्याळ एकाच मनगटावर नको.

येताना

दर घड्याळ पाहिल्यावरच सांगतो, फोनवर नाही. कान, कडा आणि जुन्या खुणांचे फोटो तुमच्यासमोर काढतो आणि त्याची एक प्रत तुम्हाला देतो. चेन लहान करताना काढलेल्या कड्या घरी असतील तर जरूर आणा. त्या हातात घातलेल्या नसल्याने त्यांच्यावरच्या मूळ रेषा शाबूत असतात, आणि किती बारीक ब्रश ओढायचा हे आम्ही त्यांवरूनच ठरवतो.