महासागरावरील विमानप्रवासाची सुरक्षितता

महासागर ओलांडताना विमानाखाली तासन्‌तास उतरण्याजोगी जमीन नसते. अशा वाटेत बिघाड झाला तरी विमान कुठल्या ना कुठल्या धावपट्टीपर्यंत पोचलेच पाहिजे, यासाठीचे नियम, यंत्रणा आणि देखभालीची शिस्त या नोंदीत येते. खानदेशाला समुद्र नाही. पण जळगाव-धुळ्याची मुले अमेरिका-कॅनडात स्थिरावली आहेत आणि त्यांच्याकडे निघालेल्या आईवडिलांच्या मनात प्रश्न असतोच : खाली नुसते पाणी, आणि इंजिन बंद पडले तर?

शिरपूरला वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. एका इंजिनाच्या लहान विमानावर शिकताना इंजिन आत्ता बंद पडले तर कुठे उतरायचे, ते शेत सतत हेरून ठेवावे लागते. तापीकाठी असे मोकळे रान मिळते. महासागरावर ते नाही, म्हणून उतरायची जागा उड्डाणाआधीच ठरवतात.

अमेरिकेत १९५३ पासून दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जाता येत नसे. ही मिनिटे एकाच इंजिनावर उडण्याच्या वेगाने मोजतात. जेट इंजिने भरवशाची ठरल्यावर १९८५ मध्ये १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांची परवानगी मिळू लागली. या नियमावलीला ‘ईटॉप्स’ म्हणतात. १८० मिनिटे म्हणजे एका इंजिनावर सुमारे २,२०० किमी. जळगाव ते कन्याकुमारी सरळ रेषेत यापेक्षा बरेच कमी भरते. एअरबस ए-३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंत मान्यता मिळाली. अटलांटिकवर आयर्लंडमधील शॅनन, आइसलँडमधील केफ्लाविक, कॅनडातील गँडर आणि अझोर्स बेटांवरील लाजेस हे असे आधाराचे विमानतळ. इंधनाचा हिशेबही वाईटात वाईट गृहीत धरून करतात : सर्वांत अडचणीच्या ठिकाणी केबिनमधला हवेचा दाब गेला, विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणावे लागले आणि त्या दाट हवेत जास्त इंधन जाळत ते पर्यायी विमानतळ गाठते आहे.

माझ्या मते या व्यवस्थेचा खरा कणा हँगरमध्ये आहे. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाउला निघालेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांतले तेल गळून गेले. तेलातले धातूचे कण पकडणारे चुंबकी भाग बदलताना त्यांवरच्या ओ-रिंगा बसवायच्या राहिल्या होत्या. विहिरीवरची मोटार दुरुस्त करणाऱ्यालाही ठाऊक असते तसली ही रबरी कडी. तेलाचा दाब घटल्यामुळे आधी बंद केलेले एक इंजिन पुन्हा सुरू झाले आणि त्याच्यावरच विमान मायामीला परतले. १७२ जण वाचले. तीन इंजिने असूनही चूक एकच होती, ती तिन्हींत झाली. म्हणूनच ईटॉप्समध्ये दोन्ही इंजिनांवरचे तेच काम एका खेपेला एकाच मेकॅनिककडून करून घेत नाहीत. नाइलाज झाला तर दुसरा माणूस ते स्वतंत्रपणे तपासतो.

समुद्राच्या मध्यावर जमिनीवरचे रडार पोचत नाही. तिथे लांब पल्ल्याचा रेडिओ आणि उपग्रहामार्फत जाणारे संदेश कामी येतात. २०१४ मध्ये मलेशियाचे एमएच-३७० विमान बेपत्ता झाले; त्यानंतर महासागरावर दर १५ मिनिटांनी स्थान कळवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला.

दोन्ही इंजिने गेली तरी विमान दगडासारखे पडत नाही, ते तरंगत खाली येते. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३३० विमानाचे इंधन अटलांटिकवर गळून संपले. देखभालीत न जुळणारा भाग बसवल्याने हायड्रॉलिकची नळी इंधनाच्या नळीवर घासली होती. इंजिने थांबण्याआधीच वैमानिकांनी लाजेसकडे वळण घेतले होते. विमानातून बाहेर आलेला छोटा पंखा वाऱ्याने फिरत सुकाणूपुरती शक्ती देत राहिला. विमान सुमारे १२० किमी तरंगले. धुळ्यावरून निघाले असते तर भुसावळ मागे पडले असते. ३०६ जण लाजेसच्या धावपट्टीवर जिवंत उतरले.