पासिंगला नापास का झाली, ते आधी विचारा

माझ्या मावसभावाला सेकंड हॅन्ड गाडी घ्यायची होती. राहतो जांबोटीकडे, कामाला रोज बेळगावात येतो, आणि सासरवाडी गोव्याची, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी चोर्ल्याचा घाट उतरणं आलंच. बजेट तीन लाख. एक दिवस मोबाइल घेऊन आला आणि परदेशातली एक यादी दाखवली, कुठल्या मॉडेलच्या किती टक्के गाड्या तिथल्या वार्षिक तपासणीत पास होतात त्याची, आणि म्हणतो, "दादा हे बघ की, ह्यातली जी आपल्याकडं मिळते आणि जिचा टक्का जास्त ती घेतली की झालं, उगीच गॅरेजवाल्याच्या मागं कशाला फिरायचं?"

यादी खोटी नव्हती. पण हा टक्का नेमका कशाचा असतो हे समजून न घेता त्यावर तीन लाख लावणं मला पटेना, म्हणून दोन रविवार त्याला घेऊन बसलो, आणि जे त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी ती तपासणी काय असते ते. ब्रिटनमध्ये तिला एमओटी म्हणतात. १९६० साली सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू होती आणि बघायचे ते ब्रेक, लाइट आणि स्टीअरिंग एवढंच. पण इतक्या गाड्या नापास व्हायला लागल्या की वयाची अट खाली आणत आणत १९६७ पर्यंत तीन वर्षांवर आली, आणि आजही तिथे खासगी गाडी तीन वर्षांची झाली की, आणि टॅक्सी तर एका वर्षाची झाली की, दरवर्षी परीक्षा द्यावीच लागते. निकाल, मीटरवरचं रनिंग आणि नापास झाली तर कारण, सगळं सरकारी नोंदीत जातं आणि मालकाचं नावगाव न देता तो डेटा लोकांसाठी खुला असतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जाहिरातीत कंपनी काय बोलते ते एकीकडे आणि लाखो गाड्यांना रॅम्पवर चढवून खालून बघितल्यावर काय दिसतं ते एकीकडे.

आपल्याकडे खासगी गाडीला पहिली १५ वर्षं असली तपासणी नाहीच, त्यानंतर आरटीओत दाखवायची आणि मग पाच-पाच वर्षांनी. टॅक्सी, टेम्पो, टमटम यांना सुरुवातीला दोन-दोन वर्षांनी आणि गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी. मधल्या काळात खासगी गाडीला उरतं ते पीयूसी, आणि पीयूसी फक्त धूर बघतं, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस ४ नियमांतल्या पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत आहे ना वगैरे, ब्रेकला ते हातही लावत नाही. त्यात आपल्या सीमाभागात 'पासिंग' हा शब्द दोन अर्थांनी चालतो, "एमएच ०९ पासिंगची गाडी आहे" म्हणजे नंबर कोल्हापूरचा, आणि "गाडीचं पासिंग झालं" म्हणजे फिटनेस मिळाला. सेकंड हॅन्ड घेताना या दोन्हींचा घोळ होतो, नंबर कुठला हे लोक पहिल्यांदा विचारतात आणि गाडीची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारायचं राहून जातं.

आता टक्क्याचं गणित. समजा दोन मॉडेल आहेत, क आणि ख, दोघांच्या हजार-हजार गाड्या तपासल्या. क हे अलीकडचं मॉडेल, त्यामुळे तिच्या ८०० गाड्या चार-पाच वर्षांच्या, फक्त २०० जुन्या. नव्यातल्या ९० टक्के पास, जुन्यातल्या ६० टक्के, म्हणजे ७२० अधिक १२०, एकूण ८४० पास. ख मॉडेल जुनं, तिच्या २०० गाड्याच नव्या आणि ८०० बारा-तेरा वर्षांच्या. नव्यातल्या ९५ टक्के पास, जुन्यातल्या ६८ टक्के, म्हणजे १९० अधिक ५४४, एकूण ७३४. यादीत क ८४ टक्क्यांनी वर आणि ख ७३ टक्क्यांनी खाली. पण नीट बघा, नवी गाडी नव्या गाडीशी लावली तर ख चांगली, जुनी जुनीशी लावली तरी ख चांगली! आकडे मी समजायला म्हणून घेतलेत, पण हा प्रकार खराच होतो आणि संख्याशास्त्रात त्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. भावाने हे कागदावर तीनदा मांडून बघितलं तेव्हा त्याला पटलं. जर्मनीत ट्यूफ या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल निघतो त्यात म्हणूनच गाड्यांचे वयाप्रमाणे गट पाडतात, दोन-तीन वर्षांच्या वेगळ्या, चार-पाचच्या वेगळ्या, असं करत करत बारा-तेरापर्यंत, आणि सोबत सरासरी रनिंगही देतात. वय न सांगता नुसता टक्का कोणी दिला असेल तर ती यादी बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे किती गाड्या मोजल्या. दहातल्या नऊ पास आणि हजारातल्या नऊशे पास, दोन्ही ९० टक्केच, पण पहिल्यात खरा टक्का ६० पासून ९८ पर्यंत कुठेही असू शकतो आणि दुसऱ्यात ८८ ते ९२ च्या आसपास. आपल्या गल्लीत "त्या मॉडेलच्या तीन गाड्या बघितल्या, तिन्ही भारी चालल्यात" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे गाड्याच तीन असतात.

आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. शहापूर-वडगावात अजून एखादी मारुती ८०० चकाचक फिरताना दिसते, आणि लोक म्हणतात बघा जुन्या गाड्या कशा टिकायच्या. पण ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीतच थांबलं, ज्या कुजल्या, ठोकल्या गेल्या त्या भंगारात गेल्या, ज्यांना मालकाने पोरासारखं जपलं त्याच आज रस्त्यावर आहेत. तपासणीलाही त्याच येतात. म्हणून फार जुन्या गाड्यांचा टक्का बघताना लक्षात ठेवायचं की नापास होणाऱ्या बऱ्याचशा आधीच मोजणीतून बाहेर पडलेल्या असतात.

मालकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २००५ पासून चेक देशातल्या कोलीन गावच्या एकाच कारखान्यात टोयोटा आयगो, सिट्रोएन सी१ आणि प्यूजो १०७ अशा तीन गाड्या निघायच्या, सांगाडा एक, इंजिन एक, बिल्ला वेगळा. आपल्याकडे बलेनो आणि ग्लान्झा तशाच. अशा जुळ्या गाड्यांच्या निकालात एकाच वयाला फरक दिसला तर तो लोखंडाचा असणं अवघडच, तो मालकाचा, सर्व्हिसिंगचा, रनिंगचा असणार. एखादी महागडी गाडी स्वस्तात पडते म्हणून तिसरा मालक घेतो आणि मग तिचे सुटे भाग परवडत नाहीत म्हणून दुरुस्ती ढकलत राहतो, त्याने त्या मॉडेलचा टक्का खाली येतो, गाडीचा त्यात काय दोष?

मग टक्का बघायचाच नाही का? बघायचा, पण त्याच्या शेजारी कारण बघायचं. ब्रिटनमध्ये नापास होण्याची नेहमीची कारणं म्हणजे लाइट, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर. आता इंडिकेटरचा बल्ब गेला म्हणून नापास झालेली गाडी आणि खालचा पत्रा कुजला म्हणून नापास झालेली गाडी, यादीत दोन्ही सारख्याच, पण एकीला शंभर-दोनशे रुपये लागतात आणि दुसरीला हात लावू नये. टायर गोटा झाला तो मालकाचा आळस. पण एखाद्या मॉडेलच्या सहा-सात वर्षांच्या गाड्या परत परत लोअर आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशसाठी नाहीतर स्प्रिंग तुटली म्हणून नापास होतात असं दिसलं तर ती त्या मॉडेलची खोड आहे, आणि ती खोड आपल्या रस्त्यांवर आणखी लवकर बाहेर येणार.

गंजाचं मात्र तिकडचं इकडे तसंच्या तसं आणता येत नाही. तिकडे थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते मीठ खालच्या पत्र्याला जाऊन बसतं. मिठामुळे पाण्याच्या पातळ थरातून वीज सहज वाहते आणि लोखंड गंजण्याची क्रिया, जी मुळात विजेरीसारखीच असते, ती जोरात चालते. अथणीच्या कोरड्या हवेत दहा वर्षं फिरलेल्या गाडीला ते लागू नाही. कणकुंबीच्या पावसात मीठ नाही पण चाकाच्या कमानीत चिखल महिनोन् महिने ओला राहतो. आणि समुद्राकाठची गाडी असेल तर ती जवळजवळ तिकडच्यासारखीच समजायची.

आम्ही बघितलेली पहिली गाडी तशीच निघाली. गोव्याच्या नंबरची, म्हापशाकडची, २०१८ ची, रनिंग कमी, वरून पॉलिश मारलेली, भाऊ तर तिथेच पैसे द्यायला निघालेला. आमच्या ओळखीच्या मेस्त्रीने रॅम्पवर चढवली, दरवाजाखालच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हळूच टोचलं, वरचा काळा रंग पापडासारखा फुटला आणि खालून तांबडा भुगा त्याच्या हातावर पडला. तो काही बोलला नाही, हात पुसले आणि रॅम्प खाली घेतला.

आता ब्रेक, कारण माझा जीव खरा तिथे अडकलाय. तपासणीत चाकं रोलरवर घेतात, रोलर चाकाला फिरवतो, ब्रेक दाबल्यावर चाक किती जोराने अडवतं ते मोजतात, डावं-उजवं सारखं धरतंय का तेही बघतात. चांगलीच चाचणी आहे, पण ती माणसाच्या चालण्याच्या वेगाने आणि थंड ब्रेकवर होते. घाटात गोष्ट वेगळी. माणसांसकट १३०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरली की जवळपास ६४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, म्हणजे २० लिटर पाण्याला आधण येईल एवढी. गिअर खालचा ठेवला तर इंजिन त्यातला मोठा वाटा घेतं, न्यूट्रलला उतरलात तर बरीचशी ब्रेकवर येते. डिस्क त्यासाठीच बिडाची करतात, त्यातलं ग्रॅफाइट उष्णता भराभर पसरवतं, उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही हे माहीत असतं. पण ती उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, वर्षानुवर्षं हळूहळू. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही हमी १४० वर येते, डॉट ४ चं २३० वरून १५५. एकदा उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊन टेकतं. तीच गाडी सकाळी रोलरवर पास झालेली असू शकते! म्हणून पासचा शिक्का बघून घाट उतरू नका, ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा, दोन वर्षं होऊन गेली असतील तर बदलूनच घ्या, खर्च फार नाही.

दुसरी गाडी निपाणीची, एमएच ०९ नंबर, २०१६ ची. गाडी बरी होती पण इथे कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर आधीच्या आरटीओची एनओसी आणून, टॅक्स भरून इथला नंबर घ्यावा लागतो, ते धरून हिशेब बजेटच्या बाहेर गेला. आणि मीटरवर ४८ हजार, पण टायरवरचे चार आकडे, म्हणजे कितव्या आठवड्यात कुठल्या वर्षी बनला ते, चारही चाकांवर २०२१ चे, म्हणजे मूळचे टायर कधीच बदललेले, आणि ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. एवढ्याशा रनिंगला हे जुळत नव्हतं. ब्रिटनमध्ये दर तपासणीला मीटर लिहून ठेवतात म्हणून मीटर मागे घेतलं की बऱ्याचदा उघडं पडतं, इथे आपल्यालाच रबर आणि टायर वाचावे लागतात.

शेवटी घेतली ती बेळगावचीच, केए २२, २०१४ ची, एका शिक्षकाची, वयाने तिन्हीत सगळ्यात जुनी. भावाच्या त्या यादीत हे मॉडेल बरंच खाली होतं. रॅम्पवर चढवली तर एक हेडलाइट मंद, वायपर फाटलेले, पुढचे बुश चिरलेले, म्हणजे वार्षिक परीक्षा असती तर ही नापासच. पण खालचा पत्रा खणखणीत, डिस्कला खोल चरे नाहीत, आणि मालकाने सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं तर काळ्या चहासारखं, ते त्याच दिवशी बदललं. हेडलाइट आणि वायपर झाले. बुश बाकी आहेत, ते पगार झाला की, आणि तोपर्यंत गोव्याला एसटीने जायचं असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.